नाझरसाहेबांचा उपास

डोंबिवली, १५ फेब्रुवारी १९५२

रा. रा. गोपीनाथराव दळवी यांस,
दौलतराव शिर्के यांचा सप्रेम नमस्कार.

मंडळी सुखरूप पोचली. सूनबाई माप ओलांडून घरात आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ पाठराखीणही आली. एरवी नवरीबरोबर मावशी येते, नाहीतर धाकटी बहीण. तुमच्या घरी बाईमाणूस कोणी नाही, तेव्हा पाठराखणीचं काय होणार अशी आमच्याकडे कुजबुज होती. ती जागा तुमच्या कुत्र्यानं आपण होऊन घेतली. तुम्ही निरोप देऊन तोंड फिरवून उभे होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. तो सरोजच्या ट्रंकेवर जाऊन बसला तो उतरेचना. शेवटी चि. जयरामनं गार्डाच्या डब्यासाठी त्याचं रीतसर तिकीट काढलं. स्वतःच्या तिकिटासाठी माझ्या मुलानं एवढी लगबग कधी केलेली नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. आज पाचवा दिवस. आमच्या घरचा घास त्यानं तोंडात घेतलेला नाही. भाकरी झाली, दूधभात झाला, लग्नातला उरलेला बुंदीचा लाडू झाला. सगळ्याकडे बघून तो मान वळवतो आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. पाणीसुद्धा घरातलं नाही, विहिरीच्या पन्हाळीतलं पितो. आधी वाटलं, आजारी असेल. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीच्या घरी, तिला मूल होईस्तोवर, माहेरच्या वडीलमाणसानं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्यातला जुना रिवाज. गोपीनाथराव, तुमचा कुत्रा तो पाळतो आहे! पस्तीस वर्षं मी शाळेत मुलांना वळण लावत होतो, पण असं वळण एकालाही लावता आलं नाही.

मात्र त्याची तब्येत ढासळली तर सूनबाईंना काय तोंड दाखवू? त्याला काय चालतं, काय चालत नाही, ते सविस्तर कळवा. सौ. विमलाबाईंचा नमस्कार.

आपला,
दौलतराव


कोपरी, ठाणे, १९ फेब्रुवारी १९५२

रा. रा. दौलतराव यांस नमस्कार.

पत्र पोचलं. कुत्र्याविषयी आपण जी काळजी दाखवलीत तिच्यासाठी आभारी आहे. त्याची माहिती खालीलप्रमाणे.

नाव, नाझर. मी कोर्टात एकोणतीस वर्षं बेलिफ होतो. समन्स बजावणं, जप्त्या करणं, हे माझं काम, आणि ते मला सांगणारा नाझर. त्याला मी जन्मात एकही हुकूम करू शकलो नाही, म्हणून कुत्र्याचं नाव नाझर ठेवलं. उपयोग झाला नाही. इथेही हुकूम तोच करतो. एकेरी हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही. ‘अहो नाझरसाहेब’ म्हटलं की कान हलतो. दुसऱ्यांदा म्हटलं की उठण्याचा विचार करतो.

घराणं ठाऊक नाही. दिसायला चारचौघांसारखा गावठी आहे, हे आपण पाहिलंच आहे. सात वर्षांपूर्वी एका बड्या घरी जप्तीला गेलो होतो. यादीत भांडी होती, झोपाळा होता, घोडागाडी होती. हा नव्हता. सगळं जप्त झालं आणि आपणच कसे राहिलो, याचा जाब विचारायला असेल, पण तो माझ्यामागून कोपरीपर्यंत चालत आला. सरोज तेव्हा बारा वर्षांची होती. आई जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसापासून तो तिच्या खोलीच्या दाराशी निजत आला.

रिवाजाचं म्हणाल, तर तो मी त्याला शिकवलेला नाही. पण त्यानं स्वतःहून अंगीकारला असेल तर मी हरकत कशी घेणार? मी स्वतःही तोच पाळणार आहे. मांडवपरतणीला सरोज येईल तेव्हा त्याला बरोबर पाठवावं. पाठराखणीनं चार दिवस राहून परत यायचं असतं.

माझी प्रकृती उत्तम. शेजारच्या ठमाबाई दोन्ही वेळा येऊन रांधून जातात. विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
गोपीनाथ दळवी


डोंबिवली, ३ मार्च १९५२

ती. बाबांस सरोजचा शि. सा. नमस्कार.

मांडवपरतणीला नाझरसाहेब आले नाहीत म्हणून तुम्ही दाराकडे तीनदा बघितलंत. बाबा, आम्ही निघताना यांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला. त्यानं अंग असं सैल सोडलं की यांच्या हातात नुसती कातडी आली आणि कुत्रा जमिनीवरच राहिला. गुरगुरला नाही, चावला नाही. नुसतं यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “आमच्या ऑफिसातला बडा साहेबसुद्धा मला इतक्या वाईट नजरेनं बघत नाही.”

आता एक गंमत सांगते, पण पत्र वाचून फाडून टाका. मामंजी सगळ्यांना सांगत फिरतायत की कुत्रा रिवाज पाळतो. कसला रिवाज न् कसलं काय! आम्ही आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी ओट्यावरून अर्धी भाकरी त्याच्यापुढे भिरकावली. “घे रे” म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, बाबा. सगळं जग कुत्र्याला भाकरी तशीच घालतं. पण आपल्या साहेबांना ताटलीची सवय, आणि तुम्ही स्वतः खाली वाकून ‘घ्या’ म्हटल्याशिवाय ते खायचे नाहीत. भाकरी धुळीत पडली. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि उठून गेले. तेव्हापासून या घराशी असहकार! मी ताटलीत वाढून दिलं, हातानं भरवायला गेले, तरी नाही. ज्यांनी अपमान केला त्यांनी येऊन समजूत काढली पाहिजे.

हे मी सासूबाईंना कसं सांगू? नवी सून म्हणते, तुम्ही आमच्या कुत्र्याचा मान राखला नाहीत! त्या खरंच प्रेमळ आहेत. परवा माझे केस विंचरून दिले. म्हणून मी गप्प आहे आणि मामंजींची कथा दिवसेंदिवस वाढत्येय.

काळजी मात्र करू नका. साहेब अंगानं भरत चाललेत. उपासाचं एवढं तेज मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि बाबा, लग्नाआधी मी तांदळाचा डबा भरून ठेवला होता तो अजून काठोकाठ कसा? त्या दिवशी घाईत विचारायचं राहिलं.

तुम्ही इकडे कधी येणार? जेवू नका, पाणी पिऊ नका, पण या. इथे ओट्यावर बसलं की समोर आवडाबाईंची भाताची खाचरं दिसतात. त्यांचं घर आमच्या कुंपणाला लागून आहे. दुपारी मी ओट्यावर निवडणटिपण करत बसते आणि रस्त्यानं कुणी तुमच्यासारखा छत्रीवाला येताना दिसला की उगाच उठून उभी राहते.

तुमची,
सरोज


कोपरी, ६ मार्च १९५२

चि. सौ. सरोज हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून फाडलं. विहीणबाईंना यातलं काहीएक कळता कामा नये. सासरच्या माणसाची चूक कुत्र्याच्या तोंडूनसुद्धा काढायची नसते.

तांदळाचा डबा संपला होता, मी नवा भरला.

येण्याविषयी. मी आलो तर ते लोक जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, आणि मी जेवणार नाही. मग आग्रह, मग रुसवा. त्यापेक्षा न आलेलं बरं. तुझ्या आईच्या वडिलांनीही तुझा जन्म होईपर्यंत आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. सगळं यथाकाल होईल. नाझरसाहेबांना माझा नमस्कार सांग. हळू सांगितलास तर ऐकणार नाहीत, शेजारी बसून सांग.

बाबा


डोंबिवली, २० मार्च १९५२

रा. रा. गोपीनाथराव यांस सप्रेम नमस्कार.

तुमच्या कुत्र्यानं आमच्या गावात माझी पत वाढवली आहे. वेशीपासून स्टेशनापर्यंत लोक विचारतात, “मास्तर, उपास चालू का?” परवा देवळात कीर्तनाला आलेल्या बुवांनी त्याचा दाखला दिला. म्हणाले, मुक्या जनावराला कळतं ते आजकालच्या शिकलेल्यांना कळत नाही. मी पुढच्या रांगेत होतो. ताठ बसलो.

सकाळी तो माझ्याबरोबर फिरायला येतो. म्हणजे मी त्याच्याबरोबर जातो. ज्या वाटेनं पहिल्या दिवशी गेला तीच वाट. काल मी दुसरीकडे वळलो, तर तो वळणावर बसून राहिला. मी शंभर पावलं गेलो, मागे पाहिलं, खाकरलो, शेवटी परत आलो. तेव्हा कुठे उठला. बरोबर आमचे जुने हेडमास्तर होते, त्यांच्यासमोर शोभा झाली ती वेगळीच.

पाडवा आठवड्यावर आला. सणाच्या दिवशी माणसानं एकट्यानं बसू नये. तुम्ही यावं. सौ. विमलाबाई म्हणतात, श्रीखंड त्यांना खाऊ नका म्हणावं, पण चक्का कसा झालाय ते तरी सांगायला या. दुपारी ओट्यावरून सूनबाईंची नजर रस्त्यावर असते. आम्ही म्हातारे झालो तरी एवढं दिसतं. गोपीनाथराव, याच.

आपला,
दौलतराव


कोपरी, २३ मार्च १९५२

रा. रा. दौलतराव यांस नमस्कार.

आमंत्रणानं संकोच वाटला. पण येणं होणार नाही. आपणच लिहिता की गावभर त्या कुत्र्याचा दाखला देतात. कुत्र्यानं पाळावं आणि बापानं मोडावं, असं झालं तर लोक काय म्हणतील? मुलीला सासरी ऐकून घ्यावं लागेल.

ठमाबाईंनी पाडव्याला पुरणाचा बेत ठरवला आहे. त्यांनाही नाही म्हणता येत नाही.

आपला नम्र,
गोपीनाथ दळवी


डोंबिवली, ७ एप्रिल १९५२

गोपीनाथराव,

आज मायना लिहीत नाही. मी रागावलो आहे. तुमच्यावरही आणि थोडा माझ्यावरही.

परवा पेन्शनच्या कामासाठी ठाण्याला आलो होतो. काम लवकर उरकलं, म्हटलं कोपरीला डोकावून जावं. तुमच्या दाराला कुलूप. शेजारच्या ओटीवर एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. विचारलं, ठमाबाई त्या तुम्हीच का? तुमच्या हातचं जेवून आमच्या व्याह्यांची तब्येत सुधारली म्हणे. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “माझे हातचा? कवा? पोरीचे लग्नापासून त्यांची चूल पेटली नाय. चाय करतान, पाव बुरवून खातान नि बसतान. मी कालवन घेऊन गेलू तर बोलतान, जेवलो. परतणीचे दिवशी तेवढा मी रांधला, पोरीला कलू नये म्हनून.” पाडव्याच्या पुरणाचंही विचारलं. पाडव्याला ती बेलापूरला लेकाकडे होती.

मी तुमच्या पायरीवर पाऊण तास बसलो. तुम्ही आला नाहीत. बरं झालं. आला असतात तर मी ओरडलो असतो, आणि माझा आवाज पस्तीस वर्षं वर्गात तयार झालेला आहे.

परत येताना तुम्हाला काय लिहावं याचाच विचार करत होतो. घरी पोचलो, तर कुंपणापलीकडून आवडाबाईंच्या हसण्याचा आवाज. आमच्या सौ. तिला कुत्र्याच्या उपासाची कीर्ती सांगत होत्या. ती हसून हसून कुडाला टेकली. म्हणाली, “उपास? दोन टाइम माझे पडवीन येतंय त्यो. पितळीन भात वाढतंय, वर बोंबलाचा कालवन. नुसता पुढं टाकला तर बघत पन नाय. ‘जेवा पावनं’ बोलला का मग जेवतंय.”

जवळजवळ दोन महिने! आणि मी गावाला, देवळाला, बुवांना... जाऊ द्या. मी आत जाऊन तोंडावर पंचा घेऊन पडलो. सौ. विमलाबाई मात्र कितीतरी वेळ कुंपणाशीच उभ्या होत्या. आत आल्यावर त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं, आणि सूनबाईंनी मान खाली घातली. यात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. बायकांचं काही असेल.

पडल्या पडल्या सुचलं ते सांगतो. कुत्र्यानं लेकीच्या घरचं खाल्लं नाही आणि उपाशीही राहिला नाही. तो शेजारी जेवला. गोपीनाथराव, हे तुम्हाला का जमू नये? आवडाबाईंशी बोललो. ती म्हणाली, “लेकीचे घरी नाय ना जेवाचा? मग माझे घरी जेवा. माझी पडवी कोनाचे सासर नाय.” येत्या रविवारी, तेरा तारखेला, बारा वाजता तिच्या पडवीत पान वाढलेलं असेल. आमचा संबंध नाही. आम्ही कुंपणाच्या अलीकडे असू. तुमचा रिवाज शाबूत, आणि सरोजला तिचा बाप डोळ्यांनी दिसेल.

चुलीचं आणि पावाचं मी तिला सांगितलेलं नाही. रविवारी आला नाहीत तर सांगेन. ही धमकी समजावी.

दौलतराव


कोपरी, १५ एप्रिल १९५२

चि. सौ. सरोज हिस आशीर्वाद.

परवा तुझ्याशी फार बोलणं झालं नाही. तू पण कुंपणाला धरून उभी होतीस आणि नुसती हसत होतीस. म्हणून लिहितो. हे पत्र फाडलं नाहीस तरी चालेल.

आवडाबाईंच्या पडवीत मी पाटावर बसलो. शेजारी नाझरसाहेब. तुझ्या सासऱ्यांनी कुंपणापलीकडून हातात पंचांग धरलं होतं, जणू आमच्याकडे त्यांचं लक्षच नाही. पंचांग उलटं होतं. आवडाबाईंनी वाढलं. भात, आमटी, वांग्याची भाजी, खोबऱ्याची चटणी. मी पहिला घास घेतला आणि मला कळलं. आमटीत तू शेवटी चिंचेबरोबर गुळाचा खडा टाकतेस, तो लागला. तुझी आई तसंच करायची. आवडाबाईंच्या चुलीवर ती आमटी झालेलीच नव्हती. मागच्या दारानं पातेली आली होती, हे त्या बाईच्या तोंडावरही दिसत होतं. सगळे मिळून मला फसवत होते आणि मला ते हवं होतं. मी दोनदा भात मागून घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो, पोरी. ठमाबाईचं मी तुझ्या सासऱ्यांना लिहीत होतो ते खोटं होतं. तांदळाचा डबा तू भरलास तोच आहे.

नाझरसाहेबांनी मात्र त्या दिवशी पितळीला तोंड लावलं नाही. मला वाटलं, आता काय बिघडलं? तेवढ्यात विहीणबाई घरातून बाहेर आल्या. हातात ताटली होती. कुंपणाच्या फटीतून वाकून आल्या, पदर काट्याला अडकला तो सोडवत बसल्या नाहीत. त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “अहो नाझरसाहेब, चुकलं माझं. जेवायला चला.” त्यानं दुसरीकडे पाहिलं. त्या परत म्हणाल्या. त्यानं कान हलवला. तुझे सासरे पंचांग खाली ठेवून बघत होते. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तो उठला, अंग ताणलं, आणि त्यांच्या पुढे चालत, आपल्याच वाड्यात शिरावं तसा, तुमच्या स्वयंपाकघरात गेला. भांड्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला. विहीणबाई डोळे पुसत हसत होत्या, तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होतास. ती ताटली किती वेळ वाजत होती!

मी हात धुवायला उठलो आणि विहिरीपाशी थांबलो. मला माझीच लाज वाटली. तो अपमानामुळे जेवत नव्हता आणि आपण म्हणत होतो रिवाज. मग माझं काय होतं? माझा तर कुणी अपमान केला नव्हता. रिवाजाचं नाव मी पुढे केलं, सरोज. खरं हे की मला भीती वाटत होती. तुझ्या घरी येईन, तू वाढशील, आपण बोलत बसू, आणि मग संध्याकाळी इथे येऊन एकट्यानं कुलूप काढायचं. ते मला झेपलं नसतं. म्हणून यायचंच नाही असं ठरवलं, आणि पाव खात बसलो. एवढ्या घरांत जप्तीला शिरलो, पण स्वतःच्या घरात शिरणं टाळत होतो.

परवा संध्याकाळी कुलूप काढलं. जड गेलं, पण गेलं. पोट भरलेलं होतं म्हणूनही असेल. काल चूल पेटवली. भात थोडा लागला. ठमाबाईंना वास गेला, त्या धावत आल्या आणि दाराशी उभ्या राहून टाळ्या पिटायला लागल्या. त्यांनाही थोडा वाढला.

नाझरसाहेबांना परत पाठवू नकोस. त्यांनी ठरवलंय ते त्यांना करू दे. मला त्यांची सोबत कमी पडते, नाही असं नाही, पण तुझ्या दाराशी ते आहेत या विचारानं मला झोप येते.

आणि एक. भर उन्हात पातेली घेऊन कुंपणापलीकडे जाऊ नकोस. आवडाबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमचे उपकार विसरणार नाही, पण येत्या रविवारी मी त्यांच्या पडवीत बसणार नाही. पाट तुझ्या घरात मांड. विहीणबाईंना सांग, श्रीखंड असेल तर तेही खाईन. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. नातवंडाची वाट पाहायचीच आहे, ती जेवून पाहीन.

तुझा,
बाबा